माझ्या लुगड्यातली बाई

मी समेटाची सून. गावात मला हे तोंडावर म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फार दिवस मलाही वाटलं नाही. सावद्याहून बैलगाडीनं तापीच्या अंगाला निघालं की केळीच्या बागा ओलांडून आमचं गाव लागतं. गाव एक आणि तट दोन. वरची आळी माझ्या माहेरची, खालची सासरची. मी जन्मले तेव्हा या दोन आळ्यांचं वैर ऐन भरात होतं.

ते वैर कशावरून सुरू झालं हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. पोळ्याच्या दिवशी वेशीतून आधी कुणाचे बैल जायचे, यावरून. बैलांना बिचाऱ्यांना आधी काय आणि नंतर काय. शिंगांना बेगड लावून ते मुकाट उभे होते आणि त्यांच्यादेखत माणसं एकमेकांची डोकी फोडत होती. त्यानंतर कडब्याच्या गंज्या पेटल्या. मग पाळी केळीवर आली. आमच्याकडं एखाद्याचं वाटोळं करायचं असलं तर त्याची केळी कापतात. घड लागलेली अख्खी बाग एका रात्रीत आडवी होते आणि सकाळी घरधनी बांधावर येऊन नुसता बघत राहतो. शेवटी एका मारामारीत माझा धाकटा चुलता गेला. त्या गुन्ह्यात सासऱ्यांचा सख्खा भाऊ धुळ्याच्या तुरुंगात गेला आणि तिथंच आजारी पडून वारला. दोन्ही घरांत एकेक विधवा बाई कोपऱ्यात बसली, तेव्हा कुठं पुरुषांचे डोळे उघडले.

आजूबाजूच्या गावांची चार जाणती माणसं येऊन देवळात बसली. त्यांनी ठरवलं की वरच्या आळीची मुलगी खालच्या आळीत द्यायची. लेक ज्या घरी नांदते त्या घरची केळी तिचा बाप कापणार नाही, आणि सून ज्या घरून आली त्या घराकडं सासरा विळा घेऊन जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. ती मुलगी मी. तेरावं सरून चौदावं लागलं असेल. मला कुणी विचारलं नाही, पण त्याचं दुःख मी करत बसणार नाही, कारण तेव्हा कुठल्याच मुलीला कुणी विचारत नव्हतं.

सासरी जाच झाला असं मी म्हटलं तर माझी जीभ झडेल. उलट मला जरा जास्तच जपत. माझ्या डोळ्यात नुसतं कुसळ गेलं तरी वरच्या आळीत बातमी जायची आणि माझे आबा, म्हणजे वडील, चावडीवर येऊन उगाच घसा खाकरत उभे राहायचे. माहेर हाकेच्या अंतरावर होतं, पण मी तिथं फक्त आखाजीला जायची. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. बाकी वर्षभर सासऱ्यांसमोर हनुवटीपर्यंत पदर. त्यांनी मला घरात आणून कैक वर्षं झाली तरी माझं तोंड त्यांना नीट ठाऊक नसावं. माझ्या हातची भाकरी मात्र ते बरोबर ओळखत.

मग गावात पंचायत आली. तालुक्याहून एक कारकून आला, चावडीवर बसला आणि त्यानं सांगितलं की आता गावचा कारभार गावानंच निवडलेली माणसं बघतील, आणि निवडायला बायकांनाही मत आहे. कायद्यात नेमकं काय लिहिलं होतं ते मला आजही सांगता यायचं नाही, पण कोतवालानं दिलेली दवंडी मी या कानांनी ऐकली. त्या दिवशी गावातल्या पुरुषांना महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. बायको मत द्यायला गेली तर भाकऱ्या पंचायत थापील का, असं एकानं विचारलं, आणि तो विनोद पुढं गावभर फिरून फिरून पार शिळा झाला.

पंचायतीच्या बहुतेक जागा दोन्ही तटांनी आधीच वाटून घेतल्या. एकीवर अडलं. ती जागा ज्याची, त्याचीच पंचायत, हे सगळ्यांना कळत होतं. त्या जागेला वरच्या आळीकडून आबा उभे राहिले आणि खालच्या आळीकडून माझे सासरे. मत द्यायची रीत अशी की चावडीपुढं दोन रांगा लावायच्या. ज्याला जो पसंत त्याच्या मागं त्यानं उभं राहायचं. पुरुष पुढं, त्यांच्या मागं बायका. कारकून डोकी मोजणार. कागद नाही, पेटी नाही, आणि आडपडदाही नाही. कोण कुणाचा ते सगळ्या गावाला दिसणार.

म्हणजे मला भर चावडीवर बापामागं उभं राहायचं किंवा सासऱ्यामागं. दवंडी झाल्यापासून दोन्ही आळ्यांना तोच एक विषय. मी पाण्याला निघाले की बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. सासूबाई माझ्या भाकरीवर न मागता लोणी घालू लागल्या. भावजय विहिरीवर भेटली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "आबायनं जेवन टाकलं व माय तुह्या काळजीनं." आबांचं जेवण सुटलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. ते माणूस मयताहून आल्यावरही पोटभर जेवणारं.

मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझं मत ठरलेलं होतं. मी सासऱ्यांच्या मागं उभी राहणार होते. सासरची म्हणून नव्हे. आबांनी निवडून आल्यास चावडीवर पत्रे घालायचं कबूल केलं होतं आणि सासऱ्यांनी नदीला पायऱ्या बांधायचं. तापीचा काठ आमच्याकडं फार उभा. पावसाळ्यात डोक्यावर हंडा, काखेत घागर घेऊन त्या घसरणीवरून चढताना किती बायका पडल्या, कितींची पोटं पडली, हे चावडीच्या पत्र्याखाली बसणाऱ्याला कळायचं नाही. मीही एकदा तशी पडले होते. आबांवर माझा जीव होता, पण पाणी आबा भरत नव्हते. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या रांगेत उभं राहायचं धाडस मी मनाशी गोळा करत होते. नंतर त्यांना समजावून सांगेन, हेही ठरवलं होतं. स्वतःच्या डोक्यानं काही ठरवायची माझी ती पहिलीच वेळ. मी मनातल्या मनात मोठ्या तोऱ्यात होते.

त्या सकाळी मी लुगडं काढायला गेले तर पेटीत लुगडं नाही. अंजिरी रंगाचं, पिवळ्या काठाचं, आबांनी मागच्या आखाजीला सावद्याच्या बाजारातून आणलेलं. बाहेर आले तर ते माझी नणंद नेसत होती. ती दुसऱ्या गावी दिलेली. चार दिवसांसाठी आली होती आणि मला वाटत होतं माहेरपणाला आली आहे.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या. मायेनंच बोलल्या. "तू कायले येतं? बापाच्या डोयाले डोया देनं तुले जड जाईन व माय. तुह्या बदल्यात आपली पोर उभी राहीन."

"पण आत्याबाई, मत माझं आहे म्हणे."

"घरचं मत घरच्याच मानसानं देल्लं, त्यात काय बिघडलं? कापसाच्या सावडीले तू दुखनाईत पडली तं मीच जाते ना तुह्या बदल्यात?"

सावड म्हणजे आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. सावडीत माणूस मोजतात, कोणतं माणूस ते कुणी बघत नाही. सासूबाईंना मत हे तसंच वाटत होतं. घरावर आलेली एक पाळी, घरातल्या कुणीही भागवावी. त्यांच्या तोंडावर खोटेपणाची एक रेघ नव्हती. आणि तरी त्या बदलीमागचं कारण त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. इतकी वर्षं भाकऱ्या थापून मी अजून वरच्या आळीचीच होते. माझा भरवसा नव्हता.

मला म्हणायला हवं होतं की मी तुमच्याच रांगेत येणार आहे. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. भरवसा नसलेल्या माणसानं शपथा वाहायला लागावं, त्याची मला शरम वाटली. दूध तापत होतं. ते बघ, म्हणून सांगून सगळ्या निघून गेल्या.

दूध उतरवून मी धाब्यावर चढले. आमच्या घराच्या त्या सपाट मातीच्या छतावरून चावडीचं अंगण दिसतं. मी मिरच्यांच्या वाळवणाआड बसले. वरच्या आळीची पुकारणी होऊन गेली होती; आता आमच्या आळीतल्या एकेका घराचं नाव पुकारलं जात होतं आणि माणूस उठून रांगेला लागत होतं. बायका पदर ओढून, माना खाली घालून चालत होत्या. कारकून शहरातला भिडस्त मनुष्य. त्या बाजूला मान वर करून बघायची त्याला चोरी. मग सासऱ्यांच्या नावानं त्यांच्या सुनेला हाक झाली, आणि मी उठले. म्हणजे ती उठली. माझं लुगडं, माझा पदर, माझ्या पायातल्या तोरड्यासुद्धा. ती चालत गेली आणि सासऱ्यांच्या रांगेत बायकांच्या शेवटी उभी राहिली.

आबांनी मान वर केली. माझी नणंद माझ्याच उंचीची, पण चालताना डावीकडं कलायची. आबांनी तिच्याकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि मान खाली घातली. माझ्या नवऱ्यानं रांगेतून एकदा धाब्याकडं नजर टाकली आणि लगेच पागोटं सारखं करू लागला. मला अंगावर कपडे असून उघडं पडल्यासारखं झालं. मी मिरच्यांमध्ये तशीच बसून राहिले.

सासरे थोडक्यात निवडून आले. आणि नदीवर माझं नाव झालं. "कायजाची घट्ट बाई. बापाच्या तोंडावर दुसरीकडं उभी राह्यली." हे माझ्या पाठीमागं, मला ऐकू येईल अशा बेतानं. भावजयीनं बोलणं टाकलं. खालच्या आळीतल्या बायका कौतुक करायच्या, ते तर जास्त झोंबायचं. मी तेच करणार होते, हे खरं. पण मी ते केलं असतं तर आबांकडं बघून केलं असतं, आणि संध्याकाळी निरोप पाठवला असता की आबा, पायऱ्यांसाठी. आता न केलेल्याचं बोलणं मी ऐकत होते, आणि ती मी नव्हते असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की सासऱ्यांची जागा जाणार, आणि जागा गेली की दोन्हीकडचे विळे पुन्हा बाहेर. माझं तोंड बंद होतं म्हणून गावातल्या केळी उभ्या होत्या.

एकच आधार होता. आबांनी ओळखलं होतं. ओळखूनही ते गप्प राहिले, गावासाठी हरणं पत्करलं, असं मी धरून चालले. पाणी आणताना, जातं ओढताना मी स्वतःला सांगायची की बाप असावा तर असा.

पुढच्या आखाजीला माहेरी गेले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं; ती पंचायतीच्या काही महिने आधी तापानं गेली. बाहेर निंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. आबा ओसरीवर पाटीभर आंबे घेऊन रसासाठी एकेक दाबून मऊ करत होते. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आबा, त्या दिवशी रांगेत मी नव्हती."

"माहीत हाय मले. तुही चाल मले ठाव नाही का?"

 मी त्यांच्या पायाला हात लावला. वाटलं, आता ते म्हणतील की समेट मोडू नये म्हणून गप्प राहिलो. मी तसं म्हणूनही टाकलं.

आबांनी हातातला आंबा खाली ठेवला आणि दुसरा घेतला. "समेटाचं त्यात काय? मी बोललो असतो तं तुह्या सासऱ्यानं आपल्या इकडच्या रांगेतल्या बायकायचे पदर वर कराले लावले असते."

"आपल्या रांगेत कोन व्हतं?"

"तुह्या मायचं नाव यादीतून अजून कटलं नव्हतं." ते अगदी सहज बोलत होते. "नदीपल्याडून एक मजुरीन आनली. मायचंच लुगडं नेसवलं तिले. लोक म्हनत व्हते, हुबेहूब."

ती बाई कोण, हे त्यांना सांगता आलं नाही. तिचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी त्या दिवशी रस खाल्ला नाही. माझी आई जिवंतपणी कधी चावडीसमोरून सरळ चालत गेली नव्हती. मागच्या बोळानं जायची. मेल्यावर तिला भर उन्हात पुरुषांच्या रांगेमागं उभं केलं आणि तिच्या नवऱ्यानं वळून बघितलं की ती मोजली गेली का. धाब्यावर बसून मला सासरची लाज वाटली होती. ओसरीवर बसून माहेरची वाटली. माझ्या डोक्यात एक घर चोर आणि एक साव होतं, आणि त्या सावाच्या जिवावर मी इतके महिने काढले होते. आता टेकायला भिंत उरली नाही. रागही आला, पण राग करायला निदान एक बाजू तरी आपली लागते.

पायऱ्या मात्र झाल्या. हे सांगितलं नाही तर मी खोटी ठरेन. सासऱ्यांनी शब्द पाळला, काळ्या दगडाच्या चांगल्या रुंद पायऱ्या बांधून घेतल्या, आणि मी त्यावरून रोज पाणी आणलं. पाऊल ठेवताना बरं वाटे, आणि बरं वाटतं म्हणून लाज वाटे.

या वर्षी स्वराज्य आलं. आता देशात लहानथोर सगळ्यांना मत मिळणार, असं माझा मुलगा वर्तमानपत्र वाचून सांगतो. मी ऐकते. त्याला वाटतं आईला त्यातलं काही कळत नाही. त्याला सांगायचं राहिलेलं एवढंच, की मी पुन्हा एकदा आशा करून बसले होते.

पंचायतीची मुदत संपली आणि दुसरी निवड आली तेव्हाची गोष्ट. या खेपेचा साहेब नवा आणि चौकस होता. पदराआडच्या भानगडी त्यानं आणखी गावांतून ऐकल्या असाव्यात. त्यानं सांगून पाठवलं की बायकांसाठी वेगळा पडदा लावू, आत जळगावच्या शाळेतल्या एक मास्तरीणबाई बसतील. बाईनं बाईसमोर पदर वर करायचा, आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायचं आणि मग रांगेला लागायचं. हे ऐकून मला रात्रभर नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून मी माझं नाव पुटपुटून बघितलं. माहेरचं एक, सासरचं एक. कोणतं सांगायचं ते ठरेना. दोन्ही आलटून पालटून म्हणून बघितली आणि एकटीच हसले.

आणि मग एका सकाळी आमच्या दाराशी गाडी उभी राहिली. गाडीत आबा. माझ्या लग्नानंतर आबांनी खालच्या आळीत पाऊल टाकलेलं नव्हतं. सासरे धोतराचा सोगा सावरत बाहेर आले आणि आबांच्या शेजारी चढून बसले. एका गाडीत, एका गोणपाटावर, दोघं. आळीतल्या बायका कामं टाकून दारात आल्या. कुणीतरी माझ्या पाठीत धपका घातला, "बघत काय बसली, ओवाळ ना!" मी धावत आत गेले, तबक आणलं, दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. पदराच्या आत माझ्या डोळ्यांना धार लागली होती. ज्याच्यासाठी मला दिली ते आज खरं झालं, असं वाटलं. कुठं निघाले हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

दिवस मावळायच्या आत ते परत आले. बरोबर पेढे होते. दोन्ही आळ्यांत वाटले. वरच्या आळीच्या बायका कधी नव्हे त्या आमच्या अंगणात आल्या, माझ्या भावजयीनं स्वतः माझ्या तोंडात पेढा घातला. तेवढ्यात नवरा हातपाय धुवायला मागच्या दारी आला. तोही त्यांच्या मागोमाग गेला होता. मी त्याला हळूच विचारलं, कुठं गेले होते एवढं?

"साहेबाकडं. त्या पडद्याच्या भानगडीचं मिटवून टाकलं. दोघांनी एका तोंडानं सांगितलं, आमच्या गावच्या बायकांना मत नको, त्याच नको म्हणतात."

"आणि साहेब?"

"साहेब म्हणाले, दोन्ही बाजूंचं एकमत असेल तर मला काय अडचण."

तो तोंड पुसून अंगणात गेला. इतक्या वर्षांच्या वैरात दोन्ही तटांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि मी त्यांना कुंकू लावून त्यासाठी पाठवलं होतं. तोंडातला पेढा थुंकून द्यावासा वाटला. पण दारात दोन्ही आळ्यांच्या बायका उभ्या होत्या, सगळं तुझ्या पायगुणानं झालं म्हणत होत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी तो गिळला.